चल म्हणजे काय? साधी समीकरणं कशी सोडवायची?

समजा, तुम्ही एक इस्त्री विकत घेतली. बिलावर लिहिलंय : एकूण १,१८० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून. तर कर सोडून इस्त्रीची मूळ किंमत किती?

बरेच जण मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडतात आणि १,१८० चे १८ टक्के काढतात. ते येतात २१२ रुपये ४० पैसे. एवढे वजा केले की उरतात ९६७ रुपये ६० पैसे. झालं उत्तर!

आता हे उत्तर उलट तपासून पाहा. ९६७.६० रुपयांवर १८ टक्के कर लावला, तर एकूण होतात साधारण १,१४२ रुपये. बिल तर १,१८० चं आहे. मग ३८ रुपये गेले कुठे?

कॅल्क्युलेटर चुकलेला नाही. चुकला तो आपण विचारलेला प्रश्न. कर मूळ किमतीवर लागतो, एकूण रकमेवर नाही. म्हणजे १८ टक्के काढायचे ते मूळ किमतीचे, आणि ती किंमत तर आपल्याला माहीतच नाही. जी संख्या माहीत नाही, तिचे १८ टक्के काढायचे कसे?

नेमकं इथेच बीजगणित कामाला येतं. माहीत नसलेल्या संख्येला आधी एक नाव द्यायचं, तिच्याबद्दल जे खरं आहे ते लिहून काढायचं आणि त्यावरून तिला शोधायचं, एवढंच बीजगणित. अनेकांचं शाळेत गणिताशी बिनसलं ते याच वळणावर : आकडे होते तोवर जमत होतं, त्यात अक्षरं आली आणि सगळं अवघड झालं. म्हणून आपण पहिल्यापासून सुरुवात करू आणि शेवटी या बिलाकडे परत येऊ.

चल म्हणजे काय?

एक वडापाव १५ रुपयांना आहे. दोन घेतले तर १५ × २, पाच घेतले तर १५ × ५. किती घ्यायचे ते अजून ठरलेलं नाही, तर काय लिहायचं? किती वडापाव ही जी संख्या आहे, तिला आपण ‘क्ष’ म्हणू. मग बिल होईल १५ × क्ष. हे थोडक्यात १५क्ष असं लिहितात.

यातला क्ष म्हणजे चल. चल म्हणजे जिची किंमत बदलू शकते किंवा जिची किंमत अजून माहीत नाही अशी संख्या. १५ मात्र ठरलेला आहे, तो बदलत नाही. क्षच्या आधी लिहिलेल्या १५ ला क्षचा सहगुणक म्हणतात. पार्सलच्या पिशवीचे ५ रुपये वेगळे लागत असतील, तर बिल १५क्ष + ५ होईल. त्यातले ५ हे स्थिरपद. वडापाव कितीही घ्या, पिशवीचे ५ रुपये तेवढेच.

अक्षर कोणतं घ्यायचं हे आपल्या हातात असतं. शाळेच्या पुस्तकांत बहुतेक वेळा इंग्रजी एक्स दिसतो, जुन्या मराठी पुस्तकांत क्ष दिसतो. अ, म, य काहीही चालतं. अट एकच : एका गणितात एका अक्षराचा अर्थ एकच.

इथे तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा, कारण पुढच्या बहुतेक चुका यांतूनच होतात.

१. क्ष ही संख्या आहे, वस्तू नाही. १५क्ष म्हणजे ‘१५ वडापाव’ नव्हे. ‘वडापावांची जी काही संख्या असेल, तिची १५ पट’ असा त्याचा अर्थ आहे.

२. २क्ष म्हणजे २ गुणिले क्ष. क्ष जर ५ असेल, तर २क्ष म्हणजे १०. दोनापुढे पाच लिहून २५ नाही.

३. क्ष आणि क्ष यांची बेरीज २क्ष होते, ३क्ष आणि ४क्ष यांची ७क्ष. पण ३क्ष + ४ हे ७क्ष होत नाही. क्ष जर १० असेल तर ३क्ष + ४ म्हणजे ३४, आणि ७क्ष म्हणजे ७०. शंका आली की क्षच्या जागी एखादी सोपी संख्या घालून पाहा, लगेच कळतं.

संख्येला नाव द्यायची युक्ती कुठून आली?

माहीत नसलेली संख्या शोधणं हे काम फार जुनं आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मध्ये आहमेस नावाच्या लेखनिकाने नक्कल केलेला एक पपायरस सापडला आहे. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातल्या एका गणिताचा अर्थ असा : एका राशीत तिचाच सातवा भाग मिळवला तर १९ होतात, तर ती राशी कोणती? हा प्रश्न लक्षात ठेवा, तो शेवटी पुन्हा भेटणार आहे.

भारतात ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. आपल्याकडच्या गणितात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे ‘जितकी असेल तितकी’. लिहिताना नुसतं ‘या’ लिहीत. दुसरी अज्ञात राशी आली तर तिला रंगाचं नाव : कालक, नीलक, पीतक, लोहितक. म्हणजे काळी, निळी, पिवळी, तांबडी. संस्कृतात ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि वर्ण म्हणजे अक्षरही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात एक अज्ञात असलेल्या समीकरणाला ‘एकवर्णसमीकरण’ म्हटलं आहे. आज शाळेत त्यालाच ‘एकचल समीकरण’ म्हणतात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे एका देवळात शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

बगदादमध्ये इ. स. ८२० च्या सुमारास अल-ख्वारिझ्मीने समीकरणं सोडवण्यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात ‘अल-जब्र’ हा शब्द होता, त्यावरून ‘अल्जिब्रा’ आला. गंमत म्हणजे त्या पुस्तकात एकही चिन्ह नव्हतं, सगळं शब्दांत. युरोपात फ्रान्सच्या व्हिएतने १५९१ मध्ये ज्ञात आणि अज्ञात अशा दोन्ही राशींसाठी अक्षरं वापरली. पुढे देकार्तने १६३७ च्या ‘ला जिओमेत्री’ या पुस्तकात अज्ञातासाठी इंग्रजी वर्णमालेतली शेवटची अक्षरं, म्हणजे एक्स, वाय, झेड, घेतली. तीच पद्धत जगभर रुळली.

१८९५ मध्ये राँटजेनला अनोळखी किरण सापडले, तेव्हा त्यानेही अज्ञात म्हणून त्यांना ‘एक्स’ म्हटलं. मराठीत ते झाले क्ष-किरण. म्हणजे दवाखान्यात आपण एक्स-रे काढतो, तेव्हाही बीजगणितातला अज्ञात क्ष तोंडी असतोच.

बरोबरच्या चिन्हाचा खरा अर्थ

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बीजगणित न जमण्याचं मोठं कारण क्ष नसून ‘=’ हे चिन्ह आहे.

कॅल्क्युलेटरवर ‘=’ दाबलं की उत्तर येतं. लहानपणीही आपण ५ + ३ = असं लिहून पुढे ८ लिहितो. त्यामुळे ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असं डोक्यात बसतं. म्हणून कितीतरी जण वहीत ५ + ३ = ८ × २ = १६ असं लिहून मोकळे होतात. उत्तर बरोबर येतं, पण लिहिलेलं खोटं असतं, कारण ५ + ३ म्हणजे १६ नव्हे.

‘=’ चा अर्थ ‘डावीकडची संख्या आणि उजवीकडची संख्या एकच आहे’ एवढाच. हे चिन्ह वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये आपल्या पुस्तकात आणलं. दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघांहून जास्त सारखं दुसरं काय असणार, असा त्याचा विचार होता.

भाजीवाल्याचा दोन पारड्यांचा तराजू आठवा. काटा मध्यावर आहे म्हणजे दोन्ही पारड्यांत सारखं वजन आहे. आता एका पारड्यातून किलोभर काढलं आणि दुसऱ्यातून काढलं नाही, तर काटा ढळतो. दोन्हींतून किलोभर काढलं तर काटा जागचा हलत नाही. दोन्हींत तेवढंच टाकलं, दोन्ही दुप्पट केली, दोन्ही निम्मी केली, तरी समतोल तसाच राहतो.

समीकरण म्हणजे असा समतोल तराजू. ते सोडवायचा नियमही एकच : एका बाजूला जे कराल, तेच दुसऱ्या बाजूला करा. दोन्ही बाजूंत तीच संख्या मिळवा, दोन्हींतून तीच वजा करा, दोन्हींना तिनेच गुणा किंवा भागा. फक्त शून्याने भागायचं नाही, आणि शून्याने गुणूनही काही हाती लागत नाही, कारण दोन्हीकडे शून्यच उरतं.

सोडवायचं कसं?

समीकरण सोडवणं म्हणजे क्षला एका बाजूला एकटं पाडणं. क्षच्या अंगावर जे काही चढलेलं असेल, ते एकेक करून उतरवायचं. बेरीज असेल तर वजाबाकीने, वजाबाकी असेल तर बेरजेने, गुणाकार असेल तर भागाकाराने आणि भागाकार असेल तर गुणाकाराने.

उदाहरण १

क्ष + ७ = २०

दोन्ही बाजूंतून ७ वजा करू.

क्ष = १३

उदाहरण २

४क्ष = ५२

दोन्ही बाजूंना ४ ने भागू.

क्ष = १३

उदाहरण ३. एका पारड्यात सारख्या वजनाच्या तीन पिशव्या आणि २ किलोचं वजन, दुसऱ्या पारड्यात १४ किलो. काटा मध्यावर. एका पिशवीचं वजन किती?

३क्ष + २ = १४

दोन्हींतून २ वजा : ३क्ष = १२

दोन्हींना ३ ने भागू : क्ष = ४

पिशवी ४ किलोची. आधी २ का काढले आणि ३ ने नंतर का भागलं? आधी भागलं असतं तरी चाललं असतं, पण मग २ लाही ३ ने भागावं लागलं असतं आणि अपूर्णांक आला असता. बूट-मोजे घालताना आधी मोजे, मग बूट. काढताना आधी बूट, मग मोजे. इथे क्षला आधी ३ ने गुणलं आणि मग २ मिळवले, म्हणून सोडवताना आधी २ काढायचे.

उदाहरण ४

क्ष ÷ ५ – ३ = ६

दोन्हींत ३ मिळवू : क्ष ÷ ५ = ९

दोन्हींना ५ ने गुणू : क्ष = ४५

उदाहरण ५. कंस असलेलं.

१० – २(क्ष – १) = ४

कंसाबाहेरच्या संख्येने कंसातल्या प्रत्येक पदाला गुणायचं. इथे बाहेर –२ आहे. –२ गुणिले क्ष म्हणजे –२क्ष, आणि –२ गुणिले –१ म्हणजे +२.

१० – २क्ष + २ = ४

१२ – २क्ष = ४

दोन्हींत २क्ष मिळवू : १२ = ४ + २क्ष

दोन्हींतून ४ वजा : ८ = २क्ष

क्ष = ४

उत्तर आलं की ताळा घ्या. म्हणजे मिळालेली संख्या मूळ समीकरणात क्षच्या जागी घाला. इथे १० – २ × (४ – १) = १० – ६ = ४. दोन्ही बाजू जुळल्या, उत्तर बरोबर. गणितात अशा जागा कमी असतात जिथे आपलं उत्तर बरोबर आहे का हे कुणालाही न विचारता कळतं. समीकरण ही त्यातली एक, तेव्हा ही सोय सोडू नका.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे खरं का?

शाळेत हा मंत्र बहुतेकांना पाठ असतो. क्ष + ७ = २० मध्ये +७ पलीकडे गेला की –७ होतो. उत्तर येतं, पण खरं तर काहीच पलीकडे जात नाही. दोन्ही बाजूंतून ७ वजा केले, डावीकडचे ७ संपले आणि उजवीकडे ‘– ७’ दिसू लागले, एवढंच घडतं. मंत्र म्हणजे या कृतीचं आखूड रूप.

नुसता मंत्र पाठ असला की घोटाळा होतो तो गुणाकारात. ४क्ष = ५२ मध्ये ४ पलीकडे नेताना कुणी त्याचं –४ करतं आणि क्ष = ४८ लिहितं. ४ हा क्षला मिळवलेला नाही, गुणलेला आहे. त्याला उतरवायचं तर भागावंच लागेल. घाई असेल तेव्हा मंत्र वापरा, अडलात तर तराजूकडे परत या.

शब्दांतून समीकरण मांडताना

समीकरण सोडवणं त्यामानाने सोपं. अवघड असतं ते मांडणं. त्यासाठी तीन पायऱ्या : काय शोधायचं आहे ते ठरवून त्याला क्ष म्हणा, आणि ‘क्ष म्हणजे काय’ हे पूर्ण वाक्यात लिहा. मग बाकीच्या संख्या क्षच्या भाषेत लिहा. शेवटी कोणत्या दोन गोष्टी सारख्या आहेत ते शोधा आणि मध्ये ‘=’ घाला.

आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे आणि दोघींच्या वयांची बेरीज ४८ आहे. मुलीचं वय क्ष वर्षं मानू. आईचं वय ३क्ष. बेरीज क्ष + ३क्ष, म्हणजे ४क्ष.

४क्ष = ४८

क्ष = १२

मुलगी १२ वर्षांची, आई ३६ वर्षांची.

आता एक फसवा प्रश्न. एका कॉलेजात दर एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या ‘व’ आणि प्राध्यापकांची संख्या ‘प’ मानून समीकरण लिहा. पुढे वाचण्याआधी कागदावर लिहून पाहा.

६व = प असं लिहिलंत? वाचताना ‘सहा विद्यार्थी, एक प्राध्यापक’ असं बरोबर वाटतं. पण १० प्राध्यापक असतील तर ६० विद्यार्थी हवेत. व = ६० घातला तर ६ × ६० = ३६०, आणि प तर १० आहे. जुळत नाही. बरोबर समीकरण आहे व = ६प. विद्यार्थी जास्त आहेत, म्हणून प्राध्यापकांच्या संख्येला सहाने गुणल्यावर ती विद्यार्थ्यांइतकी होते. अमेरिकेत १९८० च्या सुमारास इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना असाच प्रश्न दिला होता, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त जण चुकले. कारण तेच, सुरुवातीला सांगितलेलं : अक्षराला संख्या न समजता वस्तूचं लेबल समजणं.

स्टॉल घ्यावा की नाही?

एका बचत गटाला दिवाळीच्या प्रदर्शनात चकलीचा स्टॉल लावायचा आहे. स्टॉलचं भाडं ३,००० रुपये. एका पाकिटाला ५५ रुपये खर्च येतो, विकायचं ८० रुपयांना. निदान भाडं तरी निघावं, तर किती पाकिटं खपायला हवीत? बनवलेली सगळी पाकिटं विकली जातात असं धरू.

पाकिटांची संख्या क्ष. हाती येणारे पैसे ८०क्ष. खर्च ५५क्ष + ३,०००. ना नफा ना तोटा म्हणजे दोन्ही सारखे.

८०क्ष = ५५क्ष + ३,०००

क्ष दोन्ही बाजूंना आहे, म्हणून घाबरायचं कारण नाही. क्ष ही संख्याच आहे, तेव्हा दोन्ही बाजूंतून ५५क्ष वजा करता येतात.

२५क्ष = ३,०००

क्ष = १२०

ताळा : ८० × १२० = ९,६००. आणि ५५ × १२० + ३,००० = ६,६०० + ३,००० = ९,६००. जुळलं.

म्हणजे १२० पाकिटांपर्यंत भाडंच फिटतं, १२१ व्या पाकिटापासून प्रत्येकी २५ रुपये सुटतात. कुणी म्हणालं, ‘शेजारचा स्टॉल ७५ ला देतोय, आपणही पाच रुपये उतरवू’, तर समीकरण २०क्ष = ३,००० होतं आणि क्ष येतो १५०. किंमत पाचच रुपयांनी कमी केली, पण भाडं निघायला ३० पाकिटं जास्त खपवावी लागतील. दोन दिवसांच्या प्रदर्शनात तेवढी खपतील का, हे बीजगणित सांगणार नाही, ते गटालाच ठरवावं लागेल. पण नेमकं काय ठरवायचं आहे, ते आता समोर आलं.

व्हॉट्सॲपवरची कोडी आणि मनातली संख्या

‘९९ टक्के लोक नापास’ असं लिहिलेली चित्रकोडी तुम्हाला रोज येत असतील. उदाहरणार्थ :

वडापाव + वडापाव + वडापाव = ४५

वडापाव + चहा + चहा = ३५

चहा + वडापाव × २ = ?

इथे चित्र म्हणजेच चल. वडापावच्या चित्राची किंमत व मानली, तर ३व = ४५, म्हणून व = १५. दुसऱ्या ओळीत चहाची किंमत च मानली, तर १५ + २च = ३५, म्हणून २च = २० आणि च = १०. शेवटच्या ओळीत गुणाकार आधी : १० + १५ × २ = १० + ३० = ४०. ज्यांना ५० येतं, त्यांनी बेरीज आधी केलेली असते. समीकरणात ते चुकलेले नसतात, क्रियांच्या क्रमात चुकलेले असतात.

तसाच प्रकार रील्समधल्या ‘मी तुमचं मन ओळखतो’ या जादूचा. मनात एक संख्या धरा. तिची दुप्पट करा. १० मिळवा. निम्मं करा. मनात धरलेली संख्या वजा करा. उत्तर ५!

मनातल्या संख्येला क्ष म्हणा आणि एकेक पायरी लिहा : २क्ष, मग २क्ष + १०, निम्मं केल्यावर क्ष + ५, आणि क्ष वजा केल्यावर ५. क्ष मध्येच नाहीसा झाला, म्हणून कुणी कोणतीही संख्या धरली तरी उत्तर ५. ही चलाची खरी ताकद. शंभर संख्या घालून तपासल्या तरी ‘नेहमीच असं होतं’ हे सिद्ध होत नाही. क्ष मात्र सगळ्या संख्यांच्या वतीने एकदाच बोलतो.

प्रत्येक समीकरणाला एकच उत्तर असतं का?

नाही. क्ष + ३ = क्ष + ५ हे पाहा. दोन्हींतून क्ष वजा केला की उरतं ३ = ५, जे कधीच खरं नाही. या समीकरणाला उकल नाही. उलट २(क्ष + १) = २क्ष + २ यात कंस सोडवला की दोन्ही बाजू एकसारख्याच होतात. इथे क्षची कोणतीही किंमत चालते. अशा समीकरणाला नित्यसमानता म्हणतात. सोडवताना क्ष उडून गेला तर गडबडू नका. मागे जे उरलं ते खरं आहे की खोटं, एवढं बघा.

आता परत त्या बिलाकडे

इस्त्रीची मूळ किंमत क्ष रुपये. कर तिच्या १८ टक्के, म्हणजे ०.१८क्ष. दोन्ही मिळून बिल.

क्ष + ०.१८क्ष = १,१८०

१.१८क्ष = १,१८०

क्ष = १,०००

मूळ किंमत १,००० रुपये, कर १८० रुपये. ताळा जुळतो. कर धरलेल्या रकमेतून कर वेगळा काढायचा असेल, तर १८ टक्के वजा न करता १.१८ ने भागायचं. हे सूत्र पाठ करायची गरज नाही, वरच्या दोन ओळी लिहिल्या की ते आपोआप समोर येतं.

आणि आता आहमेसचा तो प्रश्न आठवा : एका राशीत तिचाच सातवा भाग मिळवला तर १९.

क्ष + क्ष ÷ ७ = १९

बांधणी हुबेहूब आपल्या बिलासारखीच. कराचा दर १८ टक्क्यांऐवजी एक सप्तमांश, एवढाच फरक. दोन्ही बाजूंना ७ ने गुणलं की ८क्ष = १३३ होतं आणि क्ष येतो १६.६२५. इजिप्तच्या लेखनिकाकडे क्ष नव्हता. त्याने उत्तर ७ आहे असं धरून पाहिलं, त्यातून ८ आले, मग ८ चे १९ करायला जितक्या पटीने वाढवावं लागतं तितक्या पटीने ७ वाढवले. आपल्याकडे ‘लीलावती’त अशाच रीतीला इष्टकर्म म्हटलं आहे. रीत वेगळी, उत्तर तेच.

सुटीचंही असंच. ‘२० टक्के सूट देऊन ९६०’ असं लिहिलं असेल, तर मूळ किंमत ९६० मध्ये २० टक्के मिळवून येत नाही. तसं केलं तर १,१५२ येतात. क्ष – ०.२क्ष = ९६०, म्हणजे ०.८क्ष = ९६०, म्हणून क्ष = १,२००. दुकानदार ‘मूळ किंमत १,५००’ म्हणत असेल, तर सूट २० टक्क्यांची नाही, किंवा मूळ किंमत १,५०० नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

शेवटचं एक. ५०० रुपयांचा शेअर २० टक्क्यांनी पडून ४०० वर आला. परत ५०० व्हायला किती टक्के वाढावा लागेल? २० म्हणायची घाई करू नका. ४०० चे क्ष टक्के म्हणजे ४क्ष.

४०० + ४क्ष = ५००

४क्ष = १००

क्ष = २५

पडला २० टक्के, चढावा लागेल २५ टक्के, कारण पडताना टक्के ५०० चे होते आणि चढताना ४०० चे आहेत. पुढच्या वेळी कुणी टक्क्यांत बोलू लागलं, तर एकच प्रश्न विचारा : कशाचे टक्के? उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर त्या माहीत नसलेल्या संख्येला क्ष म्हणा आणि कागद घ्या.